दोष भिंगाचा की तपासणीचा?

फोटो अस्पष्ट आला, की आपण लगेच निकाल देऊन मोकळे होतो. "कॅमेराच टाकाऊ आहे!" नाहीतर "तुझा हात हलला!" लग्नामुंजीतला सगळ्या नातेवाइकांचा एकुलता एक फोटो असला, तर हा वाद फारच रंगतो. फोटो काढणारा कॅमेऱ्याला दोष देतो, कॅमेऱ्याचा मालक फोटो काढणाऱ्याला. तपासून पाहू या, असे मात्र दोघांपैकी कोणीच म्हणत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, माझे मत असे आहे, की भिंगाच्या फोकसमधला दोष शोधून काढणे हा विज्ञानाचा एक उत्तम धडा आहे आणि तो आपल्या शाळांतून जवळजवळ शिकवलाच जात नाही. बहिर्गोल भिंगाचे नाभीय अंतर काढण्याचा प्रयोग तुम्ही सर्वजण करता, हे मला ठाऊक आहे. त्या प्रयोगाबद्दल माझी एक तक्रार आहे. ती शिक्षकांनीही ऐकावी अशी माझी विनंती आहे. पण आधी कॅमेऱ्याकडे वळू.

कॅमेऱ्याचे भिंग किती नेमके बसवलेले असावे लागते, याचा हिशेब तुम्हीच करून पाहा. समजा, भिंगाचे नाभीय अंतर ५० मिलिमीटर आहे. दूरच्या डोंगराची प्रतिमा भिंगापासून ५० मिलिमीटरवर पडेल. दोन मीटरवर उभ्या असलेल्या माणसाची प्रतिमा कोठे पडेल? भिंगाचे सूत्र वापरले तर उत्तर येते सुमारे ५१.३ मिलिमीटर. म्हणजे डोंगरापासून थेट दोन मीटरवरच्या माणसापर्यंत फोकस आणायला भिंग अवघे १.३ मिलिमीटर पुढे सरकवावे लागते! हा १.३ चा आकडा लक्षात ठेवा. केवळ योगायोगाने तो पुढे एका निराळ्याच ठिकाणी पुन्हा भेटणार आहे.

आता समजा, भिंग त्याच्या योग्य जागेपासून ०.१ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या एका कागदाच्या जाडीइतके, चुकीचे बसले आहे. बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता एक लहानशी चकती होईल. या चकतीचा व्यास काढणे सोपे आहे. चूक जेवढी, तिला भिंगावरच्या छिद्राच्या आकड्याने भागायचे. छिद्र मोठे असेल आणि आकडा २ असेल, तर चकती ०.०५ मिलिमीटरची. छिद्र लहान करून आकडा ८ वर नेला, तर ती ०.०१२५ मिलिमीटरची. ३६ मिलिमीटर रुंदीचे चित्र ३० सेंटिमीटरपर्यंत मोठे केले, की पहिली चकती सुमारे ०.४ मिलिमीटरची होते आणि डोळ्यांना स्पष्ट खटकते. दुसरी मात्र ०.१ मिलिमीटरचीच राहते व सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

म्हणूनच "छिद्र लहान करा, फोटो रेखीव येईल" हा सल्ला सर्रास दिला जातो. भर उन्हात तो उपयोगीही पडतो. पण यात दोष गेला कोठे? तो आहे तिथेच आहे, फक्त झाकला गेला. संध्याकाळी सभागृहात प्रकाश कमी पडला आणि छिद्र मोठे करावे लागले, की तो पुन्हा डोके वर काढतो.

तेव्हा दोष झाकण्यापूर्वी तो कोणता आहे हे ओळखायला हवे. अस्पष्ट फोटो हे लक्षण आहे. ताप आला म्हणजे मलेरियाच, असे कोणताही चांगला डॉक्टर म्हणत नाही. रात्री रस्त्यावरच्या दूरच्या दिव्याचा फोटो घ्या. दिव्याची रेघ उमटली असेल, तर कॅमेरा हलला. गोल चकती उमटली असेल, तर फोकस चुकला. दिवा नीट असून त्याभोवती धुरकट तेजोवलय असेल, तर बहुधा भिंगावर धूळ, बोटांचे ठसे किंवा बुरशी आहे. कोकणातल्या पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरणे ही नवलाची गोष्ट नाही. कॅमेरा बंद कपाटातल्या चामड्याच्या पिशवीत ठेवणाऱ्यांना तर ती हमखास भेटते.

कधी कधी फोटोची एकच बाजू अस्पष्ट येते. अशा वेळी भिंगातली एखादी काच तिरकी बसली आहे, असा संशय घ्यायला हरकत नाही. पण थांबा! तुम्ही ज्या भिंतीचा फोटो घेतला, तिच्यासमोर कॅमेराच तिरका धरला नव्हता कशावरून? याचा निकाल लावण्याची युक्ती मला फार आवडते. भिंतीचा एक फोटो घ्या. मग कॅमेरा तेथेच उलटा करा, म्हणजे वरची बाजू खाली, आणि दुसरा फोटो घ्या. आता भिंतीवरच्या खुणा पाहा. दोन्ही फोटोंत भिंतीचा तोच भाग अस्पष्ट असेल, तर दोष तुमच्या मांडणीत आहे. अस्पष्टपणा कॅमेऱ्याबरोबर फिरून भिंतीच्या दुसऱ्या बाजूला गेला असेल, तर दोष भिंगात आहे. एक पैसाही खर्च न करता तुम्ही दोन कारणे वेगळी केलीत.

आता खुद्द फोकसच्या चुकीकडे येऊ. ज्या कॅमेऱ्यांच्या पोटात आरसा असतो, त्यांत भिंगातून आलेल्या प्रकाशाला दोन वाटा असतात. फोटो घेण्यापूर्वी प्रकाश आरशांवरून फोकस मोजणाऱ्या संवेदकाकडे जातो. फोटो घेताना आरसा बाजूला होतो आणि प्रकाश सरळ मागे, चित्र टिपणाऱ्या पृष्ठभागावर पडतो. या दोन वाटांची लांबी अगदी सारखी असली पाहिजे. ती नसेल तर यंत्र "फोकस जमला" म्हणून सांगते आणि फोटोत नाकाऐवजी कान रेखीव येतो. अलीकडच्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत आणि मोबाइलमध्ये जेथे चित्र टिपले जाते तेथेच फोकसही मोजला जातो. त्यामुळे तेथे ही विशिष्ट कटकट उद्भवत नाही. पण आरशाचे कॅमेरे अजून पुष्कळ घरांत आहेत आणि जुन्या बाजारात ते स्वस्तात मिळतात. कोणाकडे असेल तर पुढची तपासणी जरूर करून पाहा.

नऊ आगपेट्या घ्या. त्या टेबलावर तिरप्या रांगेत उभ्या करा. प्रत्येक पेटी आधीच्या पेटीपेक्षा दोन सेंटिमीटर मागे, आणि बाजूलाही अशी सरकवलेली, की एकीने दुसरीला झाकू नये. कॅमेरा सुमारे एक मीटरवर पुस्तकांच्या ढिगावर पक्का ठेवा. छिद्र पूर्ण उघडा. बरोबर मधल्या, म्हणजे पाचव्या पेटीवर कॅमेऱ्याला आपोआप फोकस करू द्या आणि टायमर लावून फोटो घ्या. मग फोटो मोठा करून कोणत्या पेटीवरची अक्षरे सर्वांत रेखीव आली आहेत ते पाहा.

तुम्ही म्हणाल, झाले! सातवी पेटी रेखीव आली, म्हणजे कॅमेरा मागे फोकस करतो. इतकी घाई नको. हाच प्रयोग दहा वेळा करा. दर वेळी फोकस आधी पार बिघडवा, एकदा जवळच्या बाजूला, एकदा दूरच्या बाजूला. मग दहा उत्तरे एका ओळीत लिहा. ७, ७, ६, ७, ७ असे काही येत असेल, तर चूक पद्धतशीर आहे. ती दर वेळी एकाच दिशेने व जवळजवळ तेवढीच होते. ३, ७, ५, ८, ४ असे येत असेल, तर चूक यादृच्छिक आहे, तिला दिशा नाही. हा फरक फार महत्त्वाचा आहे. पद्धतशीर चूक दुरुस्त करता येते. अनेक कॅमेऱ्यांत त्यासाठी सोय असते: "अमुक भिंग लावले असता फोकस एवढा पुढे घे" असे यंत्राला कायमचे सांगून ठेवता येते. रोज बरोबर पाच मिनिटे पुढे असणाऱ्या घड्याळावरून तुम्ही वेळेवर शाळेत पोहोचू शकता. कधी पुढे, कधी मागे जाणाऱ्या घड्याळाचे मात्र काहीच करता येत नाही. कॅमेऱ्याच्या बाबतीतही यादृच्छिक चुकीवर आकडा बदलून उपाय होत नाही. तेथे कारणच शोधावे लागते.

आणि आता माझ्या मूळ मुद्द्याकडे. समजा, दहाही वेळा सातवी पेटी आली. तरी तुमची तपासणी बरोबर होती हे कशावरून? कॅमेऱ्याचा फोकस मोजणारा ठिपका बहुतेकदा दिसतो त्यापेक्षा मोठा असतो. त्याने पाचवीऐवजी शेजारच्या पेटीची ठळक कड पकडली नसेल कशावरून? म्हणून दुसऱ्या, स्वतंत्र पद्धतीने पडताळा घ्या. पडद्यावर चित्र मोठे करून पाचव्या पेटीवर हाताने फोकस करा आणि फोटो घ्या. हाताने केलेला फोकस बरोबर आला व आपोआप केलेला चुकला, तर दोष फोकस मोजणाऱ्या यंत्रणेत. हातानेही काहीच रेखीव येत नसेल, तर भिंगाकडे संशयाने पाहायला हरकत नाही. दोन पद्धतींची उत्तरे जुळली नाहीत, तर वैतागू नका. खरी माहिती तेव्हाच हाती येते.

ही गोष्ट न मानल्यामुळे केवढा अनर्थ होऊ शकतो, याचे उदाहरण पृथ्वीभोवती फिरत होते. २४ एप्रिल १९९० रोजी डिस्कव्हरी यानातून हबल दुर्बीण अंतराळात गेली. तिचा मुख्य आरसा २.४ मीटर व्यासाचा. इतका काळजीपूर्वक घासलेला मोठा आरसा त्यापूर्वी क्वचितच झाला असेल. पण पहिली चित्रे आली ती अस्पष्ट. फोकस पुढेमागे करून पाहिला, तरी तारे काही बिंदू होईनात. रचनेप्रमाणे ताऱ्याचा सुमारे ७० टक्के प्रकाश एका लहानशा बिंदूत गोळा व्हायला हवा होता. प्रत्यक्षात १५ टक्क्यांच्या आसपासच होत होता, बाकीचा भोवती पसरत होता. आरशाच्या कडेचा भाग हवा त्यापेक्षा सुमारे २ मायक्रॉन जास्त सपाट घासला गेला होता. आपल्या केसाच्या जाडीचा जेमतेम पन्नासावा भाग! त्यामुळे आरशाच्या कडेवरून येणारे किरण आणि मधून येणारे किरण एकाच ठिकाणी मिळत नव्हते. या दोषाला गोलीय विपथन म्हणतात.

एवढी चूक झाली कशी? आरसा अमेरिकेतल्या डॅनबरी या गावी पर्किन-एल्मर कंपनीने घासला होता. घासाईच्या वेळी आरशाचा आकार तपासण्यासाठी 'नल करेक्टर' नावाचे उपकरण वापरतात. आरसा बरोबर असला, की त्यातून प्रकाशाचे व्यतिकरण पट्टे सरळ दिसतात. हबलसाठी दोन लहान आरसे व एक भिंग असलेले खास उपकरण तयार केले होते. त्यातले भिंग किती अंतरावर बसवायचे, हे एका धातूच्या दांड्याच्या टोकावरून लेसर परावर्तित करून मोजायचे होते. दांड्यावर एक टोपण होते आणि त्याला प्रकाश परावर्तित होऊ नये असा रंग दिलेला होता. रंगाचा एक कपचा उडाला होता. लेसर दांड्याऐवजी त्या टोपणावरून परत आला आणि भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसले. भिंग ठरल्या जागी पोहोचेना, तेव्हा फट भरायला चक्क वॉशर घातले गेले! पुढे आरसा या चुकीच्या उपकरणाच्या हुकमाप्रमाणे अत्यंत नेमकेपणाने घासला गेला. नेमका, पण चुकीचा.

सर्वांत दुःखाची बाब याच्या पुढची आहे. आणखी दोन तपासण्या झाल्या होत्या. एक केवळ भिंगांच्या, साध्या नल करेक्टरने केलेली. दुसरी खुद्द त्या खास उपकरणाची परीक्षा घेणारी. दोन्हींत पट्टे वाकडे दिसले होते. पण ही साधने कमी अचूक आहेत, म्हणून वाकडे पट्टे हा त्यांचाच दोष, असे मानून ते निकाल बाजूला ठेवले गेले. आरसा १९८१ मध्ये तयार झाला. चूक नऊ वर्षांनी, दुर्बीण हाताबाहेर गेल्यावर उघड झाली.

मला येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. दोन मायक्रॉन ही आरसा घासणाऱ्यांच्या दृष्टीने काही सूक्ष्म चूक नव्हे. फ्रान्समधल्या लेआँ फूको याने १८५८ च्या सुमारास आरसा तपासण्याची एक पद्धत शोधली. एक बारीक छिद्रातून येणारा दिवा आणि एक धारदार पाते, एवढेच तिला लागते. घरच्या घरी दुर्बिणीचे आरसे घासणारे हौशी लोक, आपल्या पुण्यामुंबईचेसुद्धा, आजही दाढीच्या पात्याने ही परीक्षा करतात. साधे साधन कमी अचूक असेल, पण ठोक चूक दाखवायला ते पुरेसे असते. महागड्या उपकरणाशी त्याचे भांडण झाले, तर महागडे उपकरणच बरोबर, असे धरून चालणे मला पटत नाही.

दुरुस्ती कशी झाली, तेही पाहण्यासारखे आहे. चौकशी समितीच्या सुदैवाने ते तपासणीचे उपकरण कारखान्यात जसेच्या तसे पडून होते. ते मोजले तेव्हा १.३ मिलिमीटरची चूक सापडली. जुन्या, बाजूला टाकलेल्या पट्ट्यांची चित्रेही जपलेली होती आणि तीही त्या चुकीशी जुळली. आरसा पद्धतशीरपणे चुकला होता, म्हणूनच इलाज शक्य होता. डिसेंबर १९९३ मध्ये एन्डेव्हर यानातून गेलेल्या अंतराळवीरांनी पाच वेळा यानाबाहेर पडून काम केले. त्यांनी नवा कॅमेरा बसवला. त्याच्या आतल्या लहान आरशांत मुद्दाम बरोबर उलटा दोष घडवलेला होता. इतर उपकरणांसाठी नाण्याएवढ्या छोट्या आरशांची एक जोडणीही बसवली, म्हणजे दुर्बिणीला चष्माच लावला म्हणा ना. पुढची उपकरणे आपापली दुरुस्ती बरोबर घेऊनच गेली, तेव्हा २००९ मध्ये तो चष्मा काढून पृथ्वीवर परत आणला.

आता शाळेतल्या प्रयोगाबद्दलची माझी तक्रार. भिंगाच्या पुडीवर "२० सेंमी" लिहिलेले असते. मुले मेणबत्ती, भिंग आणि पडदा मांडतात, वाचने घेतात. एखादे वाचन १९.८ आले, एखादे २०.२ आले, की खोडरबर बाहेर येतो. प्रयोगवहीत सगळीकडे २०.० शोभू लागते. जी मुले प्रामाणिकपणे दोन्ही आकडे लिहितात, त्यांनाही सरासरी काढायला सांगितले जाते. सरासरी २०.०, उत्तर बरोबर, सही!

पण त्या दोन आकड्यांत काय दडले होते, पाहा. मेणबत्ती आणि पडदा यांत १०० सेंटिमीटर अंतर ठेवा. भिंगाच्या दोन जागा अशा मिळतील, की पडद्यावर प्रतिमा रेखीव येते: मेणबत्तीजवळ ठेवले तर मोठी प्रतिमा, पडद्याजवळ ठेवले तर लहान. भिंग खरोखरच २० सेंटिमीटरचे असेल, तर या जागा मेणबत्तीपासून २७.६ आणि ७२.४ सेंटिमीटरवर येतात. आता समजा, लाकडी स्टँडवरची खूण भिंगाच्या बरोबर खाली नाही, भिंग खुणेपेक्षा मेणबत्तीच्या बाजूला अर्धा सेंटिमीटर सरकलेले आहे. तुम्ही २८.१ आणि ७२.९ वाचाल. सूत्रात घातल्यावर पहिल्या जागेवरून २०.२ येईल, दुसऱ्या जागेवरून १९.८. दोन्ही वाचने तुम्ही अचूक घेतली होतीत. चूक स्टँडची होती. सरासरी काढताच ती नाहीशी झाली आणि तिच्याबरोबर ती ओळखण्याची संधीही गेली.

याला पडताळा कसा घ्याल? दोन जागांमधले अंतर घ्या. ते ४४.७ सेंटिमीटर भरेल. खूण कोठेही असो, दोन जागांमधले अंतर बदलत नाही, कारण खूण दोन्ही वेळी सारखीच चुकते. १०० च्या वर्गातून ४४.७ चा वर्ग वजा करा आणि ४०० ने भागा. उत्तर २०.० येते. आधीच्या दोन आकड्यांपैकी कोणताच यांच्याशी जुळत नाही, म्हणून तुम्ही स्टँड वाकून पाहता आणि खूण सरकलेली दिसते.

शिक्षकांना माझी सूचना आहे, की पाच गुणांच्या प्रात्यक्षिकात दोन गुण न जुळणाऱ्या वाचनांच्या स्पष्टीकरणासाठी ठेवावेत. खोडलेल्या वाचनाला गुण नसावेत, मात्र एक रेघ मारून शेजारी कारण लिहिलेल्या वाचनाला असावेत. एका तासिकेत हे बसत नाही, ही अडचण मला मान्य आहे. त्यासाठी भिंगाचे तीन प्रयोग करण्याऐवजी एकच करावा आणि तो तीन प्रकारे करावा. दूरच्या झाडाच्या प्रतिमेवरूनही नाभीय अंतर काढून पाहावे. झाड दहाच मीटरवर असेल, तर २० सेंटिमीटरच्या भिंगाची प्रतिमा २०.४ सेंटिमीटरवर पडते. "दूरची वस्तू" म्हणजे किती दूर, हा प्रश्न वर्गात आपोआप उभा राहील.

आणि स्टँडची चूक सापडली, तर तो स्टँड टाकून देऊ नका, खूणही खरवडू नका. त्यावर एक लहान चिठ्ठी चिकटवा: "भिंग खुणेच्या पुढे ०.५ सेंमी." खाली तारीख घाला आणि कोणत्या वर्गाने, कोणत्या प्रकारे मोजले तेही लिहा. पुढच्या वर्षीची मुले त्या चिठ्ठीवरही विश्वास न ठेवता पुन्हा मोजतील, अशी आशा आहे.